गाडी उंच झाली, चाके वाकडी झाली

गेल्या अंकी या सदरातून इन्व्हर्टरच्या बॅटरीची निगा हा विषय निम्मा लिहून झाला होता आणि उरलेला निम्मा या अंकी देण्याचे मी वाचकांस कबूल केले होते. ते वचन एक महिना पुढे ढकलण्याची अनुज्ञा असावी. मध्यंतरी आमच्याच घरात असा प्रसंग घडला की बॅटरीतील पाण्याची पातळी मला काही काळ अगदीच क्षुल्लक वाटू लागली. शिवाय ज्या घरांतून शेती आहे, अथवा ज्यांच्या मुलांनी मालवाहू पिकअप घेतली आहे, अशी माळव्यातील आपली घरे आता थोडी राहिलेली नाहीत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहितो.

माझे धाकटे बंधू आगर रस्त्याला, घट्टियाच्या अलीकडे, वडिलार्जित जमीन करतात. खरिपास सोयाबीन, रब्बीस गहू, लसूण आणि थोडा बटाटा. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, चार वर्षांपूर्वी शिक्षण आटोपून गावी परतला. त्याने बँकेचे कर्ज काढून एक वापरलेली पिकअप घेतली आणि स्वतःचा व शेजाऱ्यांचा माल चिमनगंज मंडईत पोहोचविण्याचे काम सुरू केले. मुलगा कष्टाळू आहे. गाडी धुऊन पुसून अशी ठेवतो की आमच्या मातोश्री तिला 'दुसरी सून' म्हणतात.

आता अडचण अशी की पक्क्या रस्त्यापासून शेत दोन किलोमीटर आत आहे. आपल्याकडील काळी माती कशी असते ते माळव्यातल्या वाचकांस सांगणे नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांत तीच माती फुगून लोण्यासारखी होते. त्यात ट्रॅक्टरची मोठी चाके फिरून दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये मातीचा उंचवटा उरतो. ('चाकोरीबाहेर जाणे' हा वाक्प्रचार आपण कौतुकाने वापरतो, पावसाळ्यात गाडी खरोखरच चाकोरीबाहेर काढावयाची झाल्यास तो कौतुकाचा विषय राहत नाही.) तो मधला उंचवटा पिकअपच्या पोटाला घासे. वाटेत एक नाला आहे, त्यातून चढताना मागची फळी टेके. तेव्हा ज्येष्ठात, पावसाआधी, पुतण्याने गाडी उंच करून घेण्याचे ठरविले. शहरातील काही तरुण निव्वळ शोभेसाठी गाड्या उंच करतात, त्यांतला हा प्रकार नव्हता; त्याची गरज खरी होती, आणि म्हणूनच मला त्याच्यावर रागावता आले नाही.

उंच करण्याचे काम एका मिस्त्रीने एका दिवसात उरकले. मागे कमानीचे पाटे असतात, त्यांत दोन पाटे वाढविले आणि पाट्यांच्या व धुरीच्या मध्ये लोखंडी ठोकळा घातला. पुढे पाटे नव्हते. प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मांवर स्वतंत्र टांगलेले आणि स्प्रिंगच्या जागी पीळ सोसणारी लांब पोलादी सळई, जिला टॉर्शन बार म्हणतात. त्या सळईचा बोल्ट आवळला की पीळ वाढतो आणि गाडीचे नाक वर येते. फार सोपे काम. पाना फिरवावयाचा एवढेच. मागे नऊ सेंटिमीटर आणि पुढे चार सेंटिमीटर उंची मिळाली. गाडीला नवे टायर घातले, पेढे वाटले. चाकांचा मेळ, म्हणजे अलाइनमेंट, तपासून घ्या, असे कोणी सांगितले नाही. मी तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत उभा जन्म काढलेला माणूस. माझ्यापुढे पेढा आला तेव्हा मीही तो खाल्ला आणि विचारले नाही. ही चूक माझ्याही खाती मांडली पाहिजे.

श्रावणात पुतण्याचा दूरध्वनी आला. "काका, स्टिअरिंग डावीकडे ओढून राहिलं आहे, आणि टायर बघा, कसे खाल्ले गेलेत!" ('ओढून राहिलं आहे' या आपल्या रूपाला पुण्याचे आप्त हसतात, हसोत. गाडीचे ओढणे त्या क्रियापदात जितके चालू राहते तितके 'ओढते' मध्ये राहत नाही.) साडेचार हजार किलोमीटर चाललेल्या पुढच्या टायरांची बाहेरची कड गुळगुळीत झाली होती आणि आतली नक्षी जवळपास नवी होती. नक्षीवरून हात एका बाजूने फिरविला तर सपाट लागे, उलट फिरविला तर करवतीच्या दातांसारखा बोचे.

येथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. वाचकांनी कंटाळू नये. भूमिती शाळेतलीच आहे.

मोटारीचे चाक जमिनीवर अगदी सरळ उभे असते व अगदी सरळ पुढे पाहते, ही आपली समजूत. वस्तुतः त्याला तीन दिशांनी किंचित कल दिलेला असतो. गाडीच्या समोर उभे राहून पाहिले असता चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकलेला असेल, तर त्या झुकण्यास कॅम्बर म्हणतात. वरून, गच्चीतून पाहिल्याप्रमाणे, पाहिले असता दोन्ही चाकांची पुढली टोके एकमेकांकडे वळलेली किंवा फाकलेली दिसतील, तो टो. माणसाच्या पायांच्या अंगठ्यांवरूनच ते नाव पडले. कोणी अंगठे आत टाकून चालतो, कोणी फाकवून. तिसरा कॅस्टर. तो बाजूने पाहिला असता कळतो, पण चाकात दिसत नाही, कारण तो ज्या अक्षाभोवती चाक वळते त्या अक्षाचा कल असतो. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसून मागे कललेला असतो, हे आपण लहानपणापासून पाहतो. त्या कलामुळेच क्षणभर हात सोडले तरी सायकल सरळ जाते. मोटारीतही वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप परत फिरते ते मुख्यतः कॅस्टरच्या बळावर.

हे कोन किती असतात? आपल्या गावात त्यांचे माप समजावून देण्यास एक उत्तम जागा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने बांधलेल्या आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या काळात जीर्णोद्धार झालेल्या आपल्या वेधशाळेत सम्राट यंत्राची जी तिरकी भिंत आहे, तिचा कल उज्जैनच्या अक्षांशाएवढा, म्हणजे २३ अंशांहून किंचित अधिक आहे. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखे ज्योतिषगणिती ज्या वेधशाळेचे अधीक्षक होते, तेथे अंशाचे साठ भाग करून एकेका भागाला 'कला' म्हणत. चाकांचे कोन याच अंशकलांत मोजतात. पिकअपचा कॅम्बर बहुधा अर्ध्या-पाऊण अंशाच्या आत असतो, कॅस्टर दोन-तीन अंश, आणि टो तर कलांतच मोजावा लागतो. भिंतीचा २३ अंशांचा कल पोरालाही दिसतो. चाकाची २० कलांची चूक निष्णात मिस्त्रीच्याही डोळ्यांस दिसत नाही. ती टायरला मात्र दिसते.

हिशेबच मांडू. एक चाक २० कला तिरके असेल तर दर किलोमीटरमागे ते सुमारे पावणेसहा मीटर आडवे घासले जाते. येथून इंदूर ५५ किलोमीटर धरले, तर एका खेपेत तीनशे मीटरांहून अधिक अंतर तो टायर फिरत नसतो, डांबरावर आडवा फरफटत असतो. रबर किती पुरणार?

गाडी उंच केल्याने हे कोन का बिघडावेत, हा प्रश्न माझ्या बंधूंनी विचारला. "चाके तर तीच, जागीच आहेत, वर गेली ती पेटी," असे त्यांचे म्हणणे. तर्क वरकरणी बिनतोड आहे. परंतु चाक आणि पेटी यांना जोडणारे आर्म हे दरवाजाच्या पाखासारखे बिजागरीवर फिरतात. पेटी वर गेली की ते खाली लोंबतात, आणि वरचा आर्म आखूड व खालचा लांब असल्यामुळे दोन्ही सारखे सरकत नाहीत. चाकाचा माथा कलतो. थोड्या उंचीत तो बहुधा बाहेर कलतो. फार उंच केल्यास रचनेनुसार उलट आतही जाऊ शकतो. चाक वळविणाऱ्या टाय रॉडची लांबी आणि त्याचे वर्तुळ आणखी तिसरेच. त्यामुळे टो बदलतो. कॅस्टरचे गणित तर घरबसल्या करता येते. मागची बाजू पुढच्यापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त उचलली आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर तीन मीटर असले, तर सबंध गाडी ५७ कलांनी, म्हणजे जवळजवळ एक अंशाने, नाकावर झुकते. तिच्याबरोबर तो अक्षही पुढे झुकतो. अडीच अंशांच्या कॅस्टरमधून एक अंश असा गेला की स्टिअरिंग हलके लागते, पोराला वाटते गाडी मऊ झाली; आणि वेगात ती बावरल्यासारखी इकडेतिकडे हुंगत चालते.

घोड्याच्या गाड्यांच्या काळापासून माणूस या भूमितीशी झगडत आला आहे. वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळले पाहिजे, ही युक्ती म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाच्या गाडी-कारागिराने १८१७ साली बसविली; पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले रुडॉल्फ आकरमन यांनी, आणि नाव राहिले ते त्यांचे. असो.

पुतण्या श्रावणातच एका दुकानात गेला. दुकानाचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथे कॅमेऱ्यांचे नवे यंत्र होते, चाकांना आरशांसारखे फलक लावले, पंधरा मिनिटांत काम झाले, आणि छापील चिठ्ठी हाती पडली. त्याने ती मला दाखविली तेव्हा भाद्रपद उजाडला होता. चिठ्ठीवर पुढच्या चाकांचा टो कामापूर्वी ४० कला आणि कामानंतर ठीक, एवढेच भरलेले होते. कॅम्बरचे आकडे लाल रंगात तसेच सोडलेले. कॅस्टरच्या जागी रेघ. मागच्या चाकांच्या रकान्यात काहीच नाही. कॅस्टर मोजावयाचा म्हणजे पुढची चाके फिरत्या थाळ्यांवर ठेवून स्टिअरिंग ठराविक अंश डावीकडे आणि मग उजवीकडे वळवावे लागते. त्यास वेळ लागतो, म्हणून घाईच्या दुकानातून प्रथम गाळला जातो तो कॅस्टरच. यंत्र कितीही नवे असो, त्याला जे विचारले नाही ते ते सांगत नाही. वाचकांनी चिठ्ठी घेताना सर्व रकाने पाहावेत आणि 'पूर्वी' व 'नंतर' असे दोन्ही आकडे मागून घ्यावेत.

मी चिठ्ठी वाचून दुसऱ्या दिवशी गाडी पाहू म्हणालो. गणपतीचे दिवस होते, घरात आरतीची गर्दी. त्या दुसऱ्या दिवशीच सकाळी पुतण्या लसणाच्या गोण्या भरून मंडईस निघाला. त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, गौरींचे सामान आणावयास केबिनमध्ये बसल्या होत्या. आगर नाक्याच्या अलीकडे एका दुचाकीस्वाराने आडवी वाट धरली. पुतण्याने ब्रेक लावला. गाडी थांबण्यापूर्वी डावीकडे गेली, रस्ता सोडून उतरली, आणि चहाच्या टपरीपुढील बाज मोडून उभी राहिली. बाजेवर त्या क्षणापूर्वी एक म्हातारे गृहस्थ बसलेले होते. ते पाणी पिण्यास उठले होते. कोणास खरचटलेही नाही. वहिनींनी घरी येऊन हे सांगितले ते अगदी शांतपणे, पण त्या रात्री आरतीच्या वेळी त्यांच्या हातातील तबक हलत होते, ते मी पाहिले.

मी चिठ्ठी पाहूनही एक दिवस थांबलो होतो. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

त्यानंतर आम्ही गाडी देवास रस्त्याकडील एका जुन्या उस्तादाकडे नेली. वयाने माझ्याच बरोबरीचे. त्यांनी गाडी यंत्रावर घेतलीच नाही. प्रथम टायरांतील हवा पाहिली, मग चारी कोपऱ्यांची उंची फूटपट्टीने मोजली, मग जॅकवर घेऊन प्रत्येक चाक हातांनी हलविले आणि लोखंडी पहार घालून आर्म ढकलून पाहिले. तासाभराने म्हणाले, "मास्टरसाब, अलाइनमेंट अभी नहीं होगा. पहले गाडी तो गाडी बने." मला हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांस वीस वर्षे आधी सांगता आले असते तर बरे झाले असते.

त्यांना काय सापडले ते क्रमाने सांगतो, कारण हेच या लेखाचे सार आहे. पुढच्या दोन्ही टॉर्शन बार सारख्या आवळलेल्या नव्हत्या. डावी बाजू उजवीपेक्षा १२ मिलिमीटर उंच होती. म्हणून डाव्या चाकाचा माथा अधिक बाहेर कललेला, आणि ज्या बाजूचे चाक अधिक बाहेर कलते त्या बाजूला गाडी ओढते. दुसरे, डाव्या खालच्या आर्मचे रबरी बुश फाटलेले होते. हे रबर आर्म आणि त्याची नळी यांना चिकटलेले असते. गाडी ज्या उंचीला उभी असते त्या उंचीला त्याचा बोल्ट आवळावा लागतो. येथे जुन्या उंचीला आवळलेला बोल्ट तसाच ठेवून गाडी उचलली, तेव्हा ते रबर दिवसरात्र पिळलेल्या स्थितीत राहिले आणि फाटले. ब्रेक लागताच तो आर्म मागे सरके आणि चाकाची दिशा ऐन वेळी बदले. आगर नाक्यावरील डावीकडची झेप बहुतांशी हीच. पहिल्या दुकानातील यंत्राला हे कळणे शक्यच नव्हते. यंत्रावर गाडी उभी असते, ब्रेक लावत नसते.

मागे आणखी एक गंमत, जर तीस गंमत म्हणावयाचे असेल तर. पाट्यांच्या मधोमध जो सेंटर बोल्ट असतो, त्याचे डोके धुरीवरील खड्ड्यात बसावे लागते. ठोकळा घालताना एका बाजूचे डोके खड्ड्यात नीट बसलेच नव्हते. परिणामी मागची धुरी नऊ मिलिमीटरांनी तिरकी. दीड मीटरच्या रुंदीत नऊ मिलिमीटर म्हणजे २१ कला. मागची चाके गाडीला सरळ न ढकलता तिरकी ढकलत होती आणि पुतण्या बिचारा ती सरळ ठेवण्यासाठी स्टिअरिंग सदैव थोडे वळवून धरीत होता. ते वाकडे स्टिअरिंग पहिल्या दुकानाने पुढच्या टाय रॉडवर सरळ करून दिले. रोग मागे, लेप पुढे.

या सर्वांहून मला अस्वस्थ करणारी बाब चाकांची नव्हतीच. अनेक मालवाहू पिकअपमध्ये चौकटीवर एक झडप असते आणि तिची दांडी मागच्या धुरीला जोडलेली असते. माल भरला की पेटी खाली बसते, दांडी हलते आणि झडप मागच्या ब्रेकला अधिक दाब देते. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाके घसरू नयेत. गाडी मागून नऊ सेंटिमीटर उचलली तेव्हा त्या झडपेने समजून घेतले की गाडी कायमची रिकामी आहे. पाटे जास्त, त्यामुळे लसणाच्या गोण्या भरूनही पेटी पुरती बसेना. म्हणजे भरल्या गाडीला मागचे ब्रेक निम्मेशिम्मेच. उस्तादांनी ती दांडी बोटाने हलवून पुतण्याला दाखविली. तो काही बोलला नाही. घरी येईपर्यंतही बोलला नाही.

आता निर्णय घ्यावयाचा होता. उस्तादांनी बुश बदलले, धुरी बसविली, मग गाडी यंत्रावर घेतली. कॅम्बर सुधारण्याचा विक्षिप्त बोल्ट शेवटापर्यंत फिरवूनही डावे चाक कंपनीच्या मर्यादेत येईना. कॅस्टर डावीकडे १ अंश २० कला, उजवीकडे १ अंश ३५ कला, अडीच हवा. ते म्हणाले, उंची ठेवावयाची तर वरचे आर्म वेगळे आणावे लागतील. नाही तर उंची उतरवा. बंधू म्हणाले, एवढा खर्च करून उंच केली ती उतरविण्यासाठी पुन्हा खर्च? पुतण्या त्यांच्याकडे न पाहता म्हणाला, "बाबा, आई बसली होती." त्यावर बंधूंनी पाकीट काढले.

ठोकळे काढले. वाढविलेल्या दोन पाट्यांपैकी एक काढला. पुढच्या सळया सैल करून दोन्ही बाजू सारख्या केल्या. आता मागे चार आणि पुढे दोन सेंटिमीटर उंची शिल्लक आहे. फरक दोनच सेंटिमीटरांचा, म्हणजे २३ कला. कॅस्टर आणि कॅम्बर आवाक्यात आले. मग टो. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा: आधी झिजलेले सांधे, मग उंची, मग मागची धुरी, मग कॅस्टर-कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी, कारण आधीच्यांना हात लावला की तो बदलतोच. शेवटी झडपेची दांडी कंपनीच्या तक्त्याप्रमाणे लावली आणि दिव्यांचे झोतही भिंतीवर पाडून पुन्हा सरळ केले. मागून उंचावलेल्या गाडीचे झोत जमिनीत शिरतात, पुढून उंचावलेल्या गाडीचे समोरच्याच्या डोळ्यांत.

ज्यांना दुकानावर विसंबावयाचे नाही त्यांच्यासाठी टोची एक घरगुती पारख आहे. चाक जॅकवर उचलून फिरवावे आणि टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा व त्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढावी. दोन्ही चाकांस असे करून गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलावी, म्हणजे ती आपल्या नेहमीच्या ठेवणीत बसते. मग धुरीच्या उंचीवर दोन्ही रेघांमधील अंतर पुढून आणि मागून मोजावे. दोन अंतरांतील फरक म्हणजे टो. मिलिमीटर-दोन मिलिमीटरांच्या पुढे गेला तर दुकानात जावे. कॅम्बरसाठी गवंड्याचा ओळंबा पुरतो, जमीन मात्र सपाट हवी, आणि आमच्या जुन्या शहरात ती मिळणे कठीण.

कायद्याचे दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण हे आमच्यापैकी कोणालाच आधी ठाऊक नव्हते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-पुस्तकातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या एका निर्णयात हे स्पष्ट केले आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. यामागे निव्वळ सरकारी काटेकोरपणा आहे असे मला पूर्वी वाटे. आपल्या शेजारी पिथमपूरला 'नॅट्रॅक्स'ची जी चाचणी-धावपट्टी आहे, जिचा ११.३ किलोमीटरांचा अतिवेग-मार्ग २०२१ साली सुरू झाला, तशा ठिकाणी गाडी वळणावर आणि ब्रेकखाली कशी वागते हे पुनःपुन्हा तपासले जाते. ते सारे मोजमाप आम्ही एका दुपारी पान्याने बदलले होते.

तो एक वाढीव पाटा अद्याप गाडीत आहे. परिवहन कार्यालयात जाऊन विचारून ये, असे मी पुतण्यास तीनदा सांगितले. हे लिहीपर्यंत तो गेलेला नाही. लसणाचा हंगाम आहे म्हणतो. मी चौथ्यांदा सांगणार आहे, आणि हा अंक त्याच्या घरी जातोच.

नाल्याचे म्हणाल तर बंधूंनी आणि तीन शेजाऱ्यांनी मिळून दसऱ्यानंतर त्यात सिमेंटचे दोन नळ टाकले आणि वर मुरूम पसरला. मधला उंचवटा ट्रॅक्टरमागे फळी बांधून ओढून काढला. त्यास एकंदर जो खर्च आला तो गाडी उंच करणे, टायर, आणि उतरविणे यांच्या बेरजेच्या निम्माही नव्हता. ही गोष्ट बंधू आता आल्यागेल्यास सांगतात, आणि ती सुचली कोणाला याविषयी दोघा बापलेकांत अजून एकमत नाही.

नव्या बसविलेल्या पाट्यांना आणि रबरांना स्थिर होण्यास काही अंतर चालावे लागते. म्हणून उस्तादांनी हजार किलोमीटरनंतर गाडी पुन्हा दाखविण्यास सांगितले आहे. पुतण्याने तो आकडा काचेच्या कोपऱ्यात, मातोश्रींच्या देवघरातील कुंकवाने लिहिला आहे. परवा पाहिला तेव्हा ३४० किलोमीटर उरले होते.

बॅटरीचा उरलेला भाग पुढील अंकी.